तालमीची गल्ली

कागल तालुक्यात दूधगंगेच्या खोऱ्यात बिद्री हे गाव आहे. गावाभोवती उसाचे मळे पसरलेले आहेत. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे बिद्रीचे नाव आसपासच्या तालुक्यांत सर्वांना ठाऊक झाले आहे. गारगोटीहून कोल्हापूरला जाणारी एस.टी. बिद्रीवरून जाते. या गाडीतून माणसांच्या बरोबरीने कितीतरी वर्षे जेवणाचे डबेही प्रवास करीत आले. शिक्षणासाठी किंवा कुस्तीसाठी शहरात राहिलेल्या मुलाची आई पहाटेच चूल पेटवी, भाकऱ्या थापी, कोरड्यास करी आणि फडक्यात घट्ट बांधलेला डबा थांब्यावर नेऊन गाडीत ठेवी. डब्यावर रंगाने मुलाचे नाव घातलेले असे. तिकडे कोल्हापूरच्या स्थानकावर मुले डब्यांची वाट पाहत उभी असत. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जाई. त्यात कधी एखादी चिठ्ठी असे, कधी नुसतीच धुतलेली वाटी. आता शहरात खाणावळी पुष्कळ झाल्या, तरी ही रीत पुरती मोडलेली नाही.

खेड्यातून कुस्तीसाठी आलेला असा मुलगा राहतो कोठे? तो तालमीत राहतो. ‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. कोल्हापुरात मात्र तालीम म्हटले की तांबड्या मातीचा हौद, जोर-बैठकांची जागा, भिंतीला टेकून ठेवलेली मुद्गले आणि कोनाड्यातला मारुती डोळ्यांपुढे उभा राहतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत मल्लविद्येला उदार आश्रय दिला. १९१२ साली त्यांनी बांधून पुरे केलेले खासबाग मैदान आजही शहराच्या मध्यभागी आहे. मध्ये खोलगट आखाडा आणि सभोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे कोठेही बसले तरी कुस्ती दिसते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावे कुस्तीच्या जगात दूरवर पोहोचली. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे सीमाभागातील एकसंब्याचे, तर पुढच्याच वर्षी हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातील पुनवतचे. दोघेही खेड्यातून आले आणि कोल्हापूरच्या मातीत घडले.

परंतु तालीम ही केवळ पैलवानांची जागा आहे, असे मानले तर कोल्हापूरच्या पेठा कधीच समजणार नाहीत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शनिवार पेठ, शुक्रवार पेठ या जुन्या वस्त्यांत घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. एका घरात फोडणी पडली की तिसऱ्या घरात शिंक येते. अशा दाट वस्तीत सर्वांनी एकत्र जमावे अशी जागा एकच, ती म्हणजे तालमीचा कट्टा. वर्तमानपत्र तेथेच वाचले जाते, लग्नाच्या मांडवाची चर्चा तेथेच होते. गल्लीत कोणी आजारी पडले, तर रिक्षा बोलावण्यासाठी आधी हाक तालमीलाच जाते. एखाद्या घरी दुःखद प्रसंग घडला, तर बांबू आणि दोरी आणण्यापासूनची सारी कामे तालमीतली तरुण मुले न सांगता उचलतात. घरातल्या माणसांना त्या दिवशी काही विचारावे लागत नाही.

तालमीचा दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. गल्ली अजून झोपेत असते. तालमीत मात्र फावड्याने हौद उकरण्याचा आवाज सुरू झालेला असतो. ही माती म्हणजे रस्त्यावरची साधी माती नव्हे. चाळून घेतलेल्या मातीत काव, हळद, ताक, लिंबाचा रस आणि तेल मिसळून ती मुरवलेली असते. त्यामुळे ती मऊ राहते आणि अंगाला खरचटले तरी जखम चिघळत नाही, असे जुने वस्ताद सांगतात. जोर आणि बैठका झाल्या की लढती सुरू होतात. वस्ताद काठावर बसून पाहतात. ते फार बोलत नाहीत. चुकलेल्या मुलाला त्यांची नजर पुरते.

उजाडले की गल्ली जागी होते. नळावर घागरींचा खणखणाट सुरू होतो. व्यायाम करून बाहेर पडलेला मुलगा दिसला की दारात सडा घालणारी एखादी मावशी विचारते, “काय रं, डबा आला न्हाई व्हय अजून?” तो मान हलवतो. मावशी आत जाते आणि भाकरीवर झुणका घालून आणते. “खा गुमान. तुझी आई मला काय म्हणंल?” मावशीने त्याच्या आईला कधी पाहिलेलेही नसते. दुसऱ्या दिवशी त्याच मावशीचा गॅसचा सिलिंडर माडीवर नेऊन ठेवायला हा मुलगा धावतो. सहा महिने झाले की तो कोणत्या गावचा हे गल्लीतील लहान मुले विसरून जातात. भांडणात ती त्याला खुशाल आपल्या बाजूला ओढतात. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी आणून उभ्या करतात. समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला गिऱ्हाइकाच्या हाती दिला जातो. पैलवान, म्हातारी माणसे, शाळकरी मुले सगळी तेथे एका रांगेत असतात.

तालमीच्या आयुष्यात सण मोठे असतात. गणेशोत्सव तर आहेच. शिवाय कोल्हापूरच्या अनेक तालमींत मोहरमला पीरांचे पंजेही बसतात आणि त्यांची सेवा हिंदू घरांतील माणसे पिढ्यानपिढ्या करीत आली आहेत. बाबूजमाल तालीम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. २०१८, २०१९ आणि २०२० या लागोपाठच्या तीन वर्षी मोहरम आणि गणेश चतुर्थी जवळजवळ एकाच वेळी आली. तेव्हा गणपती आणि पंजे शेजारी शेजारी विराजमान झाले. असा योग वारंवार येत नाही. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यात अधिक महिना धरीत नाहीत, म्हणून मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. मराठी पंचांगात मात्र अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखला जातो. यामुळे दोन्ही सण पुन्हा जुळायला सुमारे बत्तीस-तेहतीस वर्षे लागतात. ज्या मुलांनी २०१९ साली एका हाताने गणपतीची आरती धरली आणि दुसऱ्या हाताने पंजापुढे ऊद जाळला, ती पुढचा योग येईल तेव्हा आपल्या मुलांना घेऊन तेथे उभी असतील.

तालमींमध्ये स्पर्धाही तितकीच कडवी असते. कोल्हापुरात फुटबॉलचे नावाजलेले संघ तालमींचेच आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमींचा सामना शाहू स्टेडियममध्ये असला की त्या दिवशी पेठेत दुसरा विषय नसतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. मात्र ही ईर्ष्या कधी कधी पायरी सोडते. मैदानावरचा राग गल्लीपर्यंत येतो, वाटेतल्या काचा फुटतात आणि कट्ट्यावरची वडीलधारी माणसे मध्ये पडेपर्यंत तो शमत नाही. आपल्या गल्लीवर माया करणे सोपे असते. पलीकडच्या गल्लीशी नीट वागणे अवघड जाते. पेठेतील जाणती माणसे हे कबूल करतात.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात गल्ल्यांची ही शीव पाण्याखाली गेली. धरणक्षेत्रात पाऊस कोसळत होता. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी कट्ट्याकट्ट्यांवर पोहोचली. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. तेथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजला जातो. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाडा, शनिवार पेठेचा व शुक्रवार पेठेचा सखल भाग, शाहूपुरीतील कुंभार गल्ली येथे घरांत पाणी शिरले. कुंभारांनी गणेशोत्सवासाठी घडवलेल्या मूर्तींचे मोठे नुकसान झाले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला. पाणी उपसणारी यंत्रे पुरात सापडल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले. सगळीकडे पाणी होते, परंतु प्यायला थेंब मिळेना.

एस.टी.च्या बहुतेक फेऱ्या थांबल्या आणि गावाकडचे डबेही थांबले. उंच भागातील गल्ल्यांत चुली दिवसभर पेटत्या राहिल्या. घरोघरच्या भाकऱ्या आणि चपात्या तालमींच्या कट्ट्यांवर गोळा होऊ लागल्या. त्या मोजून, कागदात बांधून पूरग्रस्तांच्या छावण्यांकडे रवाना होत. तरुण मुले छातीइतक्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर आणीत होती. पाठीवरचे माणूस कोणत्या तालमीच्या गल्लीतले, हे त्या वेळी कोणी विचारीत नव्हते. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाण्याने २०१९ ची खूणही ओलांडली. या खेपेस कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाच्या गोठ्यात म्हैस बांधलेली आहे, हे पोरांना तोंडपाठ होते.

पूर ओसरल्यावर घाटाजवळच्या सखल भागात सगळीकडे चिखल राहिला. पुराचे पाणी शिरलेल्या हौदातली माती पुन्हा वापरता येत नाही. ती घमेल्यांनी उपसून बाहेर टाकावी लागते, हौद धुऊन वाळवावा लागतो आणि नवी माती आणून चाळावी लागते. मग गल्ली पुन्हा कामाला लागते. कोणी ताकाची चरवी आणून देतो, कोणी लिंबांची पाटी, कोणी हळद. लहान मुले घोट्यापर्यंत मातीत उभी राहून ती तुडवितात. अशाच एखाद्या सकाळी स्थानकावरून एक मुलगा धावत येतो. त्याच्या हातात फडक्यात बांधलेला डबा असतो. दारातली मावशी हाक मारते, “आली का रं गाडी?” तो डबा उंच करून दाखवतो आणि तसाच तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवतो.