छोट्या सुतारकाम दुकानासाठी कॉम्प्रेसरची निवड

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या मोठ्या गावात पूर्वी तिफण, वखर, कोळपे आणि बैलगाडीची दुरुस्ती यांवर सुताराचे वर्ष निघत असे. पेरणी ट्रॅक्टरकडे गेली तशी ही कामे आटली. आता दुकानात दारे, चौकटी, दिवाण आणि प्लायवूडची कपाटे बनतात. शेतीला जोडधंदा म्हणून काही शेतकरी तरुणही या कामात उतरतात आणि करवत, रंधा झाल्यावर त्यांची पुढची मोठी खरेदी असते ती कॉम्प्रेसरची.

पीकशास्त्र शिकविणाऱ्याने या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील. ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमातील विद्यार्थ्यांच्या भेटीला गेलो असता एका शेतकरी बंधूने कापसाच्या पैशातून घेतलेला कॉम्प्रेसर दाखविला. एक अश्वशक्तीची मोटार, 50 लिटरची टाकी. दाराला पॉलिश मारताना एक बाजू पुरी होण्याआधीच हवा पडे, मोटार सारखी चाले आणि दुसऱ्याच महिन्यात ती जळाली. मोटार खराब निघाली, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते मोटारीपेक्षा खरेदीचा हिशेब चुकला होता.

अश्वशक्ती नव्हे, हवा मोजा

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. पाच अश्वशक्तीचा पंप घेतला म्हणजे ठराविक पाणी मिळेलच असे नसते. पाणी किती उंचीवर चढवायचे यावर ते ठरते. तसेच हवेचे आहे. अमुक दाबाला यंत्र मिनिटाला किती लिटर हवा प्रत्यक्ष देते, हा खरा प्रश्न आहे. विक्रेते हवा 'सीएफएम'मध्ये सांगतात. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 28 लिटर. मात्र माहितीपत्रकावरील आकडा पुष्कळदा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो. हाती पडणारी हवा त्याच्या सुमारे 60 ते 75 टक्केच असते. सर्वसाधारणपणे 6 कि.ग्रॅ. दाबाला दर अश्वशक्तीमागे 85 ते 110 लिटर हवा मिळते, असे धरून चालावे.

आता खर्च पाहू. बारीक खिळे मारण्याच्या गनला एका खिळ्यामागे लिटरभर हवा लागते. मिनिटाला दहा खिळे मारले तरी दहा लिटर, म्हणजे काहीच नाही. पॉलिशच्या साध्या स्प्रे गनला मात्र मिनिटाला 200 ते 300 लिटर लागतात. हवेवर चालणारा सँडर 300 ते 450 लिटर खातो आणि तोही सलग. म्हणून छोट्या दुकानदाराने सँडर विजेवर चालणाराच घ्यावा. त्या एका अवजारासाठी मोठा कॉम्प्रेसर घेणे परवडत नाही.

वरील शेतकरी बंधूंचा हिशेब असा होता. गन 225 लिटर खाई, यंत्र 90 लिटर भरी, तूट 135 लिटरची. टाकीतील दाब 8 वरून 4 कि.ग्रॅ.वर येईपर्यंत 50 गुणिले 4, म्हणजे 200 लिटर हवा मिळे. ही शिल्लक दीड मिनिटात संपे. टाकी हवा साठविते, तयार करीत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय पिस्टनच्या लहान कॉम्प्रेसरला मधून मधून विश्रांती लागते. म्हणून सर्वांत जास्त हवा खाणाऱ्या अवजाराच्या गरजेपेक्षा 25 ते 30 टक्के अधिक हवा देणारे यंत्र निवडावे. रोज पॉलिशचे काम असेल तर 3 अश्वशक्तीचा, पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर योग्य. केवळ खिळे मारणे व भुसा झटकणे असेल तर एक अश्वशक्तीही पुष्कळ झाली.

दुकानातच परीक्षा घ्या

पैसे मोजण्यापूर्वी यंत्र पाच मिनिटे चालवून गरम होऊ द्यावे. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून दाब 4 वरून 6 कि.ग्रॅ. व्हायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे. टाकी 100 लिटरची असल्यास या वेळात 200 लिटर हवा भरली जाते. एक मिनिट लागले तर यंत्र मिनिटाला 200 लिटर देते. 80 सेकंद लागली तर 150 लिटरच. जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला खरेदीस जाल तेव्हा ही परीक्षा करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून यंत्र घेऊ नये. मोटार बंद होताना 'फुस्स' असा आवाज आला पाहिजे. पिस्टनवरील अडकलेली हवा सुटल्याची ती खूण आहे. ती न सुटल्यास पुढच्या वेळी मोटारीला भार घेऊन सुरू व्हावे लागते.

विजेचाही विचार आधी करावा. 230 ऐवजी 180 व्होल्ट दाब मिळाला तर मोटारीचा सुरू होण्याचा जोर सुमारे 60 टक्क्यांवर येतो, म्हणून संध्याकाळी दाब पडत असेल तर पॉलिशचे काम सकाळी उरकावे. 3 अश्वशक्तीसाठी मंजूर भार वाढवून घ्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवर दुकान चालविणे नियमबाह्य आहे.

टाकी, पाणी आणि पाईप

पावसाळ्यात दमट हवा दाबली की टाकीत पाणी साठते. ते रोज संध्याकाळी खालच्या कॉकमधून सोडावे. न सोडल्यास पाणी गनमधून येऊन पॉलिशवर पांढुरके डाग पडतात, आणि टाकी आतून गंजते ती वेगळीच. तेलाचे थेंब आले तर पॉलिशवर गोल खड्डे दिसतात. पाणी वेगळे करणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून न लावता काही मीटर अंतरावर, हवा थंड झाल्यावर लावावा. जुनी टाकी स्वस्तात मिळते, पण तिची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी. गळणाऱ्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावून ती वापरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद करू नये.

घरी ठिबकचे उरलेले पीव्हीसी पाईप असतातच. ते हवेसाठी मुळीच वापरू नयेत. पाण्याने फुटलेला पाईप नुसता चिरतो, हवेने फुटलेला तुकड्यांनी उडतो. हवेसाठीचीच रबरी नळी घ्यावी व जोडांना साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. 6 कि.ग्रॅ. दाबाला एक मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे 60 लिटर हवा जाते. कॉम्प्रेसर दुकानाबाहेर पडवीत, भुसा व थिनरच्या वाफेपासून दूर ठेवावा.

त्या शेतकरी बंधूंनी मोटार पुन्हा भरून घेतली आहे. कॉम्प्रेसर आता खिळ्यांच्या गनसाठी व भुसा झटकण्यासाठी चालतो. पॉलिश सध्या ते हातानेच करतात, आणि पुढील हंगामात 3 अश्वशक्तीचे यंत्र घ्यायला घड्याळ घेऊन जाणार आहेत.