समुद्रकांठचीं घरें आणि त्यांतील काँक्रीट

आपल्या कोंकणांत वाडवडिलांनीं बांधलेलीं घरें जांभ्या दगडाचीं आणि कौलारू असत. तीं गळत, त्यांस वाळवी लागे, दरवर्षीं कौलें चाळावीं लागत. परंतु समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें त्यांचें फारसें बिघडत नसे. कारण त्यांत लोखंड असे तें खिळे, कड्या आणि बिजागऱ्या यांपुरतेंच. पुढें मुंबईस किंवा परदेशीं चाकरी करून चार पैसे गांठीस बांधणाऱ्या कुटुंबांनीं जुन्या घरांच्या जागीं स्लॅबचीं घरें उठविलीं, आणि 'स्लॅब घातला म्हणजे घर जन्माचें झालें' असा समज गांवोगांव रूढ झाला. तो समज बऱ्याच घरांस महाग पडला आहे. काँक्रीटच्या घरासही निगा लागते. शिवाय ती निगा कोणत्या ठिकाणीं आणि कशाची करावयाची, हें ठाऊक नसेल तर डागडुजीवर केलेला खर्च केवळ वायां जात नाहीं, तर रोग झांकून ठेवून घरांतील माणसांच्या जिवावर बेततो. या लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे. विद्यार्थ्यांनीं तो आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाशेजारीं ठेवून वाचावा, व पालकांनीं गवंड्यास बोलावणें पाठविण्यापूर्वीं वाचावा.

पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांतील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन नांवाच्या गवंड्यानें इ. स. १८२४ मध्यें घेतलें. घट्ट झालेलें हें सिमेंट पोर्टलंड येथील इमारती दगडासारखें दिसे, म्हणून त्यास तें नांव पडलें. सिमेंट, वाळू आणि खडी यांचें काँक्रीट दाबास खंबीर असतें, पण ताणास अगदीं दुबळें. तें वांकविलें कीं तुटतें. यास्तव त्याच्या पोटांत लोखंड घालण्याची युक्ति निघाली. झोसेफ मोनिये या फ्रेंच माळ्यानें काँक्रीटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घालून इ. स. १८६७ मध्यें पेटंट घेतलें. आज आपल्या डोक्यावर जो स्लॅब आहे, तो त्या कुंडीचाच वंशज होय. दाब काँक्रीटनें सोसावा आणि ताण सळईनें सोसावा, असा हा दोघांचा संसार आहे. सळई गेली तर उरलेल्या काँक्रीटच्या अंगीं स्वतःचें वजन पेलण्याचेंही सामर्थ्य राहत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, दमट हवेंत उघडी टाकलेली सळई आठ दिवसांत तांबडी होते, तीच काँक्रीटच्या पोटांत वर्षानुवर्षें निर्मळ कशी राहते? सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतांना चुनकळीच्या जातीचा अल्कधर्मी पदार्थ उत्पन्न होतो. चांगल्या काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाण्याचा पी-एच १२.५ च्या वर असतो. अशा परिसरांत लोखंडावर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ पापुद्रा धरतो, आणि तो शाबूत आहे तोंवर गंज चढत नाहीं. म्हणजे काँक्रीट सळईस नुसतें झांकून ठेवीत नाहीं, तर रासायनिक रीतीनें तिचें रक्षण करितें.

या रक्षणाचे दोन शत्रु आहेत. पहिला हवेंतील कर्बाम्लवायु, ज्यास तुमच्या पुस्तकांत कार्बन डायॉक्साइड म्हटलें आहे. तो छिद्रांवाटे हळूहळू आंत शिरतो, चुन्याशीं संयोग पावून त्याचा खडू करितो आणि अल्कधर्म नाहींसा करितो. त्याची चाल साधारणतः काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असते. हें गणित ध्यानांत घेण्याजोगें आहे: सळईवरील काँक्रीटचें आवरण दुप्पट जाड ठेवलें, तर या वायूस सळईपर्यंत पोंचावयास सुमारें चौपट काळ लागतो. बांधतेवेळीं वांचविलेले दोन सेंटिमीटर पुढें किती वर्षें खाऊन टाकतात, तें यावरून समजेल.

दुसरा शत्रु मीठ. समुद्राच्या लाटा फुटतांना उडालेले तुषार वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतात, सुकतात आणि भिंतींवर मीठ ठेवून जातात. पाण्यांत विरघळलेलें क्लोराइड काँक्रीटमध्यें झिरपून सळईपर्यंत पोंचलें, म्हणजे तो रक्षक पापुद्रा ठिकठिकाणीं फोडतें. आणि हें करावयास त्यास अल्कधर्म नष्ट होण्याची वाट पाहावी लागत नाहीं. याहून वाईट म्हणजे पुष्कळ घरांत मीठ बाहेरून यावेंच लागत नाहीं. खाडीची न धुतलेली वाळू आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीचें मचूळ पाणी वापरून बांधकाम केलें असेल, तर शत्रु पहिल्या दिवशींच घरांत कोंडून घेतलेला असतो. इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय मानक ४५६' या संहितेनें लोखंडयुक्त काँक्रीटसाठीं वापरावयाच्या पाण्यांत क्लोराइडचें प्रमाण दर लिटरास ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावें असें सांगितलें. सौम्य परिस्थितींत सळईवर २० मिलिमीटर आवरण तिनें पुरेसें मानलें. किनाऱ्याच्या हवेस उघड्या असलेल्या काँक्रीटसाठीं मात्र ४५ मिलिमीटर. आपल्या गांवांतील एखाद्या मोडलेल्या छज्जाशीं पट्टी लावून पाहा. पुष्कळदां तेथें पंधराही भरत नाहींत.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून दुपटीपासून सहापटीपर्यंत अधिक जागा व्यापतो. बंद जागेंत फुगणारा हा पदार्थ आंतून रेटा देऊं लागला कीं काँक्रीट सळईच्या रेषेनें तडकतें. प्रथम केसासारखी सरळ भेग दिसते, मग तिच्या कांठीं तांबूस डाग, मग तेथें ठोकलें असतां पोकळ आवाज, आणि शेवटीं एक दिवस खपला खालीं. हा क्रम बहुधा छज्जाच्या किंवा सज्जाच्या खालच्या अंगास आधीं दिसतो. कारण उघड्या भिंतीवरील मीठ दरवर्षीं पाऊस धुवून नेतो. छज्जाखालचें मीठ मात्र कोणी धूत नाहीं, तें सांचतच राहतें.

हा रोग केवळ गरिबांच्या किंवा अडाण्यांच्या बांधकामास होतो असें नव्हे. पणजी येथें मांडवी नदीवर इ. स. १९७० मध्यें वाहतुकीस खुला झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला. त्याच्या काँक्रीटमधील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. सोळा वर्षें म्हणजे शाळेंत घातलेलें मूल पदवीधर होण्याचा काळ. तेवढ्यांत खाऱ्या हवेनें एवढ्या मोठ्या पुलाचा निकाल लावला.

माझ्या पाहण्यांतील एक घर सांगतों. किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावर, वडिलांच्या वीस वर्षांच्या मिळकतीचें. माजघराच्या स्लॅबास तांबूस रेघा उमटल्या, तेव्हां गवंड्यानें खपले काढून सिमेंटचा गिलावा केला व वर रंग दिला. घर नव्यासारखें दिसूं लागलें. तीन वर्षांनीं पुन्हां तेंच, आणि पुढें आणखी एकदां. तिसऱ्या गिलाव्यानंतर एके दुपारीं सुपाएवढा तुकडा खालीं आला. तो पडला त्या जागीं रात्रीं आजी नातवास घेऊन निजत असे. तो दूर केल्यावर दिसलें कीं बोटाएवढी सळई जागजागीं दाभणाएवढी उरली होती. गवंडी लबाड नव्हता. त्यास गिलावा करावयास सांगितलें होतें, तो त्यानें उत्तम घोटून केला. पण प्रत्येक नव्या थरानें छतावर वजन मात्र वाढविलें आणि खालीं काय चाललें आहे तें दृष्टीआड केलें.

म्हणून डागडुजीपूर्वीं परीक्षा. एक लहान हातोडी घेऊन छत व तुळया हलकेंच ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येईल तेथें खडूनें खूण करावी. हें काम मुलांनीं एकट्यानें करूं नये, व ठोकणाऱ्यानें ठोकावयाच्या जागेच्या बरोबर खालीं उभें राहूं नये. पुढील परीक्षा तर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंतील बाटलीनेंच होते. निखळलेल्या भागाजवळ काँक्रीटचा ताजा पृष्ठभाग फोडून त्यावरील धूळ झटकावी आणि फिनॉल्फ्थेलीनचे थेंब टाकावे. काँक्रीट गर्द गुलाबी झालें तर अल्कधर्म शिल्लक आहे. रंग चढला नाहीं तर तेथवर कर्बाम्लवायु पोंचला. बिनरंगाचा पट्टा बाहेरून किती मिलिमीटर आहे आणि सळई किती खोल आहे, हीं दोन मापें शेजारीं लिहिलीं कीं घराचें आयुष्य कागदावर दिसूं लागतें. परंतु या परीक्षेस मीठ कळत नाहीं. गुलाबी रंगाच्या काँक्रीटमध्येंही मिठानें सळई गंजलेली असूं शकते. यास्तव तांबूस डाग असतील तेथें गुलाबी रंग पाहून निश्चिंत होऊं नये. नवी वाळू आणली असेल तर तिची चिमूट ऊर्ध्वपातित पाण्यांत खळबळून गाळावी, त्यांत नत्राम्लाचे व मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालावे. दह्यासारखा पांढरा सांका बसला तर ती वाळू परत पाठवावी. नळाचें पाणी घेऊन हा प्रयोग करूं नये; त्यांतील क्लोराइडच सांका देईल आणि बिचाऱ्या वाळूवर आळ येईल.

दुरुस्ती अशी करावी. प्रथम स्लॅब किंवा तुळई यांस टेके द्यावे. छज्जा व सज्जा यांची मुख्य सळई वरच्या अंगास असते, हें विसरून त्यांवर वरून घण घालणें म्हणजे स्वतःच्या पायांखालची फांदी तोडणें आहे. मग सैल काँक्रीट काढावें, तें गंज संपून स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत. आणि सळईच्या मागें बोट फिरेल इतकें खोदावें, कारण गंज पाठीमागेंही असतो. सळई तारेच्या ब्रशानें किंवा वाळूच्या झोतानें लख्ख करावी, गोड्या पाण्यानें धुवावी. ती पुष्कळ झिजली असेल तर नवी जोड द्यावी लागते. किती व कोठें, हें अभियंत्यानें ठरवावें, गवंड्यानें नव्हे आणि घरमालकानें तर नव्हेच. त्यानंतर गंजरोधक लेप, आणि धुतलेली वाळू व सिमेंट यांत बाजारीं मिळणारें पॉलिमरचें द्रव मिसळून केलेला कालवा पातळ थरांनीं दाबून भरावा. भरलेला भाग निदान आठवडाभर ओला ठेवावा. पॉलिमरच्या डब्यावर याविषयीं निराळी सूचना असेल तर ती पाळावी. एक गोष्ट मात्र आधींच जाणून असावी. मीठ मुरलेल्या छतांत एका जागीं उत्तम दुरुस्ती केली तर तिच्या शेजारचा भाग कधीं कधीं अधिक वेगानें गंजूं लागतो, कारण विद्युद्रासायनिक क्रिया तिकडे सरकते. यास्तव नुसता पडलेला तुकडा न भरतां, खडूच्या सर्व खुणा एकदमच हातीं घ्याव्या.

पृष्ठभागाचें काम याच्या नंतरचें. ताज्या गिलाव्यावर तैलरंग किंवा ॲक्रिलिक रंग देण्यापूर्वीं सुमारें चार आठवडे जाऊं द्यावे. छतावरून पाणी मुरत असेल तर खालून कितीही महागाचा रंग दिला तरी तो फोडासारखा फुगून गळेल. आधीं गच्चीचा उतार, पन्हळ आणि भेगा नीट कराव्या. चुन्याची सफेदी भिंतीस श्वास घेऊं देते व स्वस्त आहे, पण ती मिठास अडवीत नाहीं. बाहेरील उघड्या काँक्रीटसाठीं सिलेन जातीचीं द्रवें मिळतात. तीं पृष्ठांत मुरून पाण्यास आंत येऊं देत नाहींत, वाफेस मात्र बाहेर जाऊं देतात. छज्जाच्या कडेखालीं बोटभर रुंद खांच पाडली असेल तर पाणी तेथेंच ठिबकतें, मागें सरकून पोटाखालीं जात नाहीं. फरशी व गच्ची चकचकीत करण्याकरितां हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतण्याची जी चाल पडली आहे, ती मला सर्वांत अधिक खटकते. त्या बाटलींत क्लोराइडच असतें. समुद्रास जें काम करावयास वर्षें लागतात, तें आपण विकत आणून एका सकाळींत करितों.

कामाचा काळही पाहावा. गणपतीपूर्वीं घर रंगविण्याची हौस कोणास नाहीं? पण श्रावणांत भिंती पाण्यानें तुडुंब असतात व तो रंग पुढील उन्हाळा पाहत नाहीं. नाताळासाठीं रंग काढणाऱ्यांस ऋतु तरी अनुकूल असतो. पावसाळा संपल्यावर आक्टोबरांत छज्जांचें पोट गोड्या पाण्यानें धुवावें, भिंती सुकूं द्याव्या, मग हातोडी फिरवावी, आणि डागडुजी नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत उरकावी. ज्या भेगा इतक्या बारीक आहेत कीं त्यांविषयीं निर्णय होत नाहीं, त्यांच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीनें आडवी रेघ ओढून तारीख लिहून ठेवावी. पुढच्या आक्टोबरांत भेग त्या रेघेपलीकडे गेलेली दिसली, तर गवंड्याच्या आधीं अभियंत्यास बोलवावें, आणि तोंवर त्या छताखालीं अंथरूण घालूं नये.