सहाव्या जागेचा शब्द

राजारामपुरीत गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. ‘सहावी गल्ली’ म्हटले की रिक्षावाला पुढे विचारत नाही. पेशीत तयार होणाऱ्या प्रथिनाच्या साखळीतही जागांना असेच क्रमांक देता येतात, आणि कोणत्या जागी कोणते अमिनो आम्ल बसावे हे ठरलेले असते.

ठरवते कोण? डीएनएवरील मजकुराची नक्कल आरएनएच्या रूपाने केंद्रकाबाहेर येते. रायबोसोम ती वाचून एकेक अमिनो आम्ल जोडत जातो. या नकलेत अक्षरे चारच : ए, यू, जी, सी. अमिनो आम्ले मात्र वीस! वही घ्या. दोन अक्षरांचे शब्द केले तर ४ × ४ = १६; चार आम्लांना शब्दच उरत नाही. तीन अक्षरांचे केले तर ६४, म्हणजे पुरून उरतात. हा हिशेब १९५४ मध्ये मांडला जॉर्ज गॅमो या भौतिकशास्त्रज्ञाने. (त्याच्या मांडणीतील इतर बराच भाग पुढे चुकीचा ठरला, हिशेब टिकला.)

एकच अक्षर बदलले तर? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल. त्याचा शब्द ‘जीएजी’. त्याचा ‘जीयूजी’ झाला की तिथे व्हॅलिन येऊन बसते. बाकीची १४५ जागच्या जागी! तरीही ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आला, तर मुलाला सिकलसेलचा आजार होतो. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार भागांत तो आढळतो.

आणि अक्षर बदलण्याऐवजी गळालेच तर? वहीत ‘कमळबदकनगर’ असे सलग लिहून तीन-तीन अक्षरांनी वाचा. मग ‘म’ खोडा आणि पुन्हा तसेच वाचून पाहा.