जावाच्या जोडीला कोण?

अगं, जावाच्या जोडीला एखादी स्क्रिप्टिंगची भाषा शिकायची म्हणतेस ना, मग आधी एक कर. गेल्या आठवड्यात तू हाताने उरकलेली कंटाळवाणी कामं आठव. लॉगच्या ढिगातून एरर शोधणं, सीएसव्हीतले रकाने इकडचे तिकडे करणं, फायलींची नावं बदलणं. भाषा निवडायची ती या कामांसाठी. कुठल्या यादीत कोण पहिलं आलं, ते सोड.

तुझ्या टीममधले ग्रूवीचं नाव घेतील. त्यांचंही खरं आहे. ती जेव्हीएमवरच चालते, तुमचे जावाचे क्लास थेट वापरते, आणि जेनकिन्सची पाइपलाइन किंवा ग्रेडलची बिल्ड फाइल उघडलीस की बहुतेकदा तीच समोर येते. पण ती वाचता येण्यापुरतीच शीक. जावाच्या इतकी जवळची आहे की तिच्यातही तू जावाच लिहीत बसशील, फक्त सेमिकोलन गळतील.

मी म्हणेन, पायथन घे. सीएसव्ही, जेसन, रेगेक्स, सगळं तिच्यासोबतच येतं, वेगळं काही आणावं लागत नाही. महिरपी कंस नाहीत, सगळा खेळ इंडेंटेशनचा, त्यामुळे सुरुवातीला चिडशील. चिड थोडी! खरी गोम वेगळीच आहे. जावाचा कंपायलर सासूसारखा आधीच टोकतो. पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव चुकलं तरी ती ओळ चालेपर्यंत कुणी हूं की चूं करत नाही. म्हणून स्क्रिप्ट वाढत चालली आणि तिच्यावर चार लोक विसंबू लागले, की ती सरळ जावात नेऊन टाक.

आणि हो, प्रिंटला कंस नसलेला कोड दिसला तर तो पायथन २ चा. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, त्यावरून शिकू नकोस. जेव्हीएमवरच पायथन चालवू म्हणून जायथनकडेही वळू नकोस, ती अजून २.७ वरच आहे.

बॅशपासून मात्र सुटका नाही. ग्रेप, पाइप, एखादा लूप एवढं यायलाच हवं. दहा-पंधरा ओळींपुढे गेलीस की पायथनकडे ये. जुन्या सर्व्हरवर पर्ल भेटली तर नमस्कार करून पुढे जा.

या शनिवारी लॉग शोधणारी स्क्रिप्ट लिहूनच टाक. अडलीस तर रात्री दहानंतर फोन कर, त्याआधी आमच्याकडे पोरं झोपत नाहीत.