विधान ओळखा, मग उत्तर द्या
(अभ्यासवर्गासाठी पाठ)



समजा, एखाद्या वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात पुढील मजकूर छापून आला आहे :

"जात म्हणजे पूर्वजांनी केलेली कामाची वाटणी. अस्पृश्यता तर आता राहिलेलीच नाही. आज जो काही जातिभेद दिसतो तो राखीव जागांमुळे टिकून आहे. गुणवत्तेला मान देणारा समाज हाच न्यायी समाज. म्हणून राखीव जागा ताबडतोब बंद केल्या पाहिजेत."

हे वाचून आपल्यातील एखाद्या तरुणाचे रक्त तापते. तो तेथल्या तेथे वही उघडून चार पाने उत्तर लिहितो. त्यात मनुस्मृती येते, गावचा पाणवठा येतो, वडिलांनी सोसलेले हाल येतात. त्यातील अक्षर न् अक्षर खरे असते. तरीही मूळ पत्रातील एकही वाक्य जागचे हलत नाही. असे का व्हावे?

कारण त्या पत्रात पाच वाक्ये आहेत आणि ती पाच निरनिराळ्या प्रकारची विधाने आहेत. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, म्हणून प्रत्येकाचे उत्तरही वेगळे असते. आपल्या तरुणाने पाचही वाक्यांना मिळून एकच उत्तर दिले, ते म्हणजे आपला संताप. संताप रास्त आहे, पण संताप हे प्रमाण नव्हे. भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना सांगितले की केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. पारखायचे तर आधी आपल्यासमोर कसले विधान आहे हे ओळखावे लागते. आजचा पाठ तेवढ्यासाठीच आहे.

यासाठी आपल्याजवळ एक उत्तम नमुना आहे, तो म्हणजे पूज्य बाबासाहेबांचा 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा प्रबंध. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांना दिले होते. भाषणातील मजकुरावर मंडळाने हरकत घेतली. बाबासाहेबांनी तो बदलण्यास नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. तेव्हा ते भाषण त्यांनी त्याच वर्षी स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. या एका प्रबंधात पाचही प्रकारची विधाने आहेत. ती आपण एकेक पाहू.

१) वस्तुस्थितीचे विधान

काय आहे, काय घडले, किती वेळा घडले, हे सांगणारे विधान. ते खरे असते किंवा खोटे असते, आणि ते पाहून, मोजून, कागदपत्र तपासून ठरते. अस्पृश्यांना कसे वागविले जाते हे सांगताना बाबासाहेबांनी नुसते "जुलूम होतो" असे म्हटले नाही. अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी मुलांना शाळेत पाठविण्यावरून १९३५ साली काय झाले ते सांगितले. जयपूर संस्थानातील चकवारा गावी एका अस्पृश्याने जातभाईंना तुपाचे जेवण घातले म्हणून १९३६ च्या एप्रिलमध्ये काय झाले ते सांगितले. गाव, काळ, घटना हे सारे त्यात आहे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन पाहावे!

आता पत्रातील दुसरे वाक्य घ्या : "अस्पृश्यता राहिलेलीच नाही." पत्रलेखक बहुधा कायद्याकडे बोट दाखवील. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला. पण कायदा काय नसावे ते सांगतो. काय नाही ते सांगत नाही. अस्पृश्यता संपली असती, तर १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा का करावा लागला? येथे तुमचे उत्तर गाव, तारीख आणि घटना यांनीच दिले पाहिजे. मात्र एक पथ्य पाळा. एका गावच्या घटनेने "अस्पृश्यता राहिलेली नाही" हे विधान खोटे ठरते. "सगळीकडे असेच आहे" हे सिद्ध होत नाही. त्यासाठी मोजणी लागते.

२) व्याख्येचे विधान

एखादी गोष्ट म्हणजे काय, ती कशात मोडते, हे सांगणारे विधान. "जात म्हणजे कामाची वाटणी" हे असे विधान आहे. त्याला घटना सांगून उत्तर होत नाही. व्याख्या त्या वस्तूला नेमकी बसते की नाही ते पाहावे लागते. बाबासाहेबांनी तेच केले. कामाची वाटणी प्रत्येक सुधारलेल्या समाजात असते हे त्यांनी मान्य केले. पण जातीत कामाबरोबर काम करणारी माणसेही एकमेकांपासून तोडली जातात, त्यांची उतरंड लावली जाते, आणि कोणी काय करावे हे आवड किंवा कुवत न पाहता जन्मावरून ठरते. शिंप्याने शिवावे आणि सुताराने तासावे ही कामाची वाटणी झाली. शिंप्याच्या मुलाने सुतार होऊ नये, त्याने सुताराघरी सोयरीक करू नये, ही कामाची वाटणी नव्हे. व्याख्या तोकडी पडली की तिच्यावर उभारलेला युक्तिवादही ढासळतो.

३) कारणाचे विधान

अमुक कशामुळे होते, हे सांगणारे विधान. जात का मोडत नाही? कोणी म्हणे सहभोजने पुरेशी झाली नाहीत, कोणी म्हणे मिश्रविवाह झाले नाहीत. बाबासाहेबांनी विचारले की लोक ते का करीत नाहीत? लोकांना शास्त्रे पवित्र वाटतात आणि शास्त्रे जात पाळा म्हणतात, हे त्यांनी दाखविलेले कारण. माणसे दुष्ट आहेत म्हणून जात पाळत नाहीत; श्रद्धाळू आहेत म्हणून पाळतात.

कारणाचे विधान पारखण्यास दोन साधे प्रश्न पुरतात. सांगितलेले कारण नव्हते तेव्हा परिणाम होता काय? आणि ते कारण जेथे नाही तेथे परिणाम दिसतो काय? "जातिभेद राखीव जागांमुळे टिकून आहे" या वाक्याला हे प्रश्न लावा. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९०२ साली निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यापूर्वी जात नव्हती काय? आणि लग्नाच्या मांडवात कोणत्याही राखीव जागा नाहीत, तरी वधूवरांच्या जाहिरातीत जात का छापावी लागते? बघा, दोन प्रश्नांत वाक्य संपले, आणि आवाज चढवावा लागला नाही.

४) मूल्याचे विधान

काय चांगले, काय न्याय्य, काय श्रेष्ठ, हे सांगणारे विधान. ते गावे मोजून सिद्ध होत नाही आणि खोटेही ठरत नाही. येथे विचारायचे ते असे की तुझा मापदंड कोणता, आणि तो तू सर्वांना सारखा लावतोस काय? बाबासाहेबांनी आपला मापदंड उघड सांगितला. स्वातंत्र्य, समता व बंधुता यांवर उभा असलेला समाज हा त्यांचा आदर्श होता, आणि त्या मापाने त्यांनी जात मोजली.

पत्रलेखकाचे चौथे वाक्य गुणवत्तेविषयी आहे. गुणवत्तेला मान असावा, हे आपण का नाकारावे? उलट त्यालाच विचारावे, "हे माप तू पुरोहितपणाला लावतोस काय?" पुरोहितपण जन्माने मिळू नये, ते परीक्षा घेऊन व सनद देऊन मिळावे, असे बाबासाहेबांनी याच प्रबंधात सुचविले होते.

५) कृतीचे विधान

काय केले पाहिजे, हे सांगणारे विधान. हे सर्वांच्या शेवटी येते आणि आधीच्या चार खांबांवर उभे असते. म्हणून त्याच्याशी झगडण्यापूर्वी खाली पाहावे. जातपात तोडक मंडळ आणि बाबासाहेब या दोघांनाही जात नष्ट व्हावी असे वाटत होते. मिश्रविवाह हा खरा उपाय, हेही दोघांना मान्य होते. तरी फाटले, कारण शास्त्रांचे पावित्र्य मोडल्याशिवाय तो उपाय लोक करणारच नाहीत, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. वाद वरवर कृतीचा दिसला, तरी त्याचे मूळ कारणाच्या विधानात होते. तसेच, पत्रातील चार खांब तपासून झाल्यावर पाचव्या वाक्याला पाडण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत.

उत्तर कोठे चुकते?

आता एक खरा वाद पाहू. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये 'हरिजन' साप्ताहिकात या प्रबंधाला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जातीचा धर्माशी संबंध नाही; बाबासाहेबांनी आधाराला घेतलेली सर्वच वचने अस्सल धर्मवचने मानता येत नाहीत; आणि धर्माची पारख त्याच्या वाईट अनुयायांवरून करू नये, उत्तमांवरून करावी.

आपल्या पाठाच्या दृष्टीने हे तपासा. खरा धर्म कोणता, खरे शास्त्र कोणते, ही व्याख्येची विधाने झाली. बाबासाहेबांचे विधान मात्र कारणाचे होते : लोक जात पाळतात, कारण शास्त्रांची तशी आज्ञा आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून त्यांनी प्रत्युत्तरात दाखवून दिले की कोणते वचन अस्सल आणि कोणते मागाहून घुसडलेले, हा भेद सामान्य लोक करीतच नाहीत. त्यांना जे शिकविले गेले त्यावर ते विश्वास ठेवतात. वचन नकली ठरले, तरी श्रद्धा खरीच राहते आणि तिचा परिणामही खराच राहतो. उत्तमांवरून पारख करण्याचा मापदंड तर त्यांनी मान्यच केला, आणि पुढे विचारले की मग उत्तम इतके थोडे आणि वाईट इतके अधिक का? मूल्याच्या विधानाचा धागा धरून त्यांनी वाद पुन्हा कारणावर आणला.

ही गोष्ट केवळ पांडित्याची नाही. विधानांची गल्लत झाली म्हणजे माणसांची पोटे जळतात, हे आपण भोगले आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट होती. १९५६ साली आपण धम्मदीक्षा घेतली. बौद्ध धम्मात जात नाही, सबब बौद्ध झालेला मनुष्य अनुसूचित जातीचा नाही, असा युक्तिवाद झाला. "बौद्ध धम्मात जात नाही" हे धम्म म्हणजे काय ते सांगणारे विधान आहे आणि ते आपल्याला शिरसावंद्य आहे. "या माणसाला आता जातीचा जाच होत नाही" हे वस्तुस्थितीचे विधान आहे. दीक्षा घेणाऱ्याचे मन बदलले. त्याची झोपडी गावकुसाबाहेरच राहिली आणि गावाची नजरही तीच राहिली. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. तरी बौद्धांचा समावेश त्या आदेशात होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात केंद्राच्या सवलतींना मुकलेल्या माणसांच्या आयुष्याची किंमत कोणी मोजायची?

आपल्या घरातही पाहा

बंधूंनो, हा दिवा केवळ परक्याच्या घरात धरण्यासाठी नाही. आपणही लिहितो की नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली, म्हणून धम्म श्रेष्ठ आहे. लाखो लोक आले ही वस्तुस्थिती. धम्म श्रेष्ठ हे मूल्य. संख्येने श्रेष्ठत्व सिद्ध होत असते, तर कालचे बहुसंख्याकही बरोबरच ठरले असते! धम्म श्रेष्ठ का, हे माणसाचे दुःख कमी होते काय आणि माणूस माणसाशी समतेने वागतो काय, या मापाने सांगावे. तसेच "बाबासाहेबांनी सांगितले" एवढ्याने वस्तुस्थितीचे विधान सिद्ध झाले असे मानू नका. त्यांनी स्वतः पुरावे दिले ते वाचकाने तपासावे म्हणूनच.

आणखी एक सूचना. क्रियापदावर सर्वस्वी विसंबू नका. "म्हणजे" आले की व्याख्या, "मुळे" आले की कारण, "पाहिजे" आले की कृती, ही खूण साधारणतः उपयोगी पडते. पण "जात हा आपल्या समाजाचा कणा आहे" या वाक्यातील "आहे" फसवे आहे. दिसते वस्तुस्थिती, आत दडले आहे मूल्य.

स्वाध्याय

(१) या आठवड्यातील कोणत्याही वर्तमानपत्राचा एक अग्रलेख घ्या. प्रत्येक वाक्यासमोर वस्तुस्थिती, व्याख्या, कारण, मूल्य वा कृती असे लिहा.
(२) शेवटच्या कृतीच्या विधानाखाली कोणते खांब आहेत, आणि कोणता खांब लेखकाने उभाच केला नाही, ते शोधा.
(३) मग स्वतःचा एखादा जुना लेख वा भाषण काढा आणि त्यालाही हीच कसोटी लावा. हा स्वाध्याय सर्वांत अवघड आहे, म्हणून तो टाळू नका.

रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास यासाठी काढा. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ओळखावे. ज्यांच्या आजोबांना अक्षर शिकू दिले गेले नाही, त्यांच्या नातवंडांनी अक्षरामागचा अर्थ पारखून घेतला, तर त्यांना शब्दांच्या जाळ्यात कोणी सहजासहजी अडकवू शकणार नाही.

जय भीम.