पाण्याखालील सोबती

उन्हाळ्यांत उजनीच्या जलाशयाचें पाणी ओसरूं लागलें, म्हणजे पळसदेव येथील जुनें देऊळ हळूहळू डोकें वर काढतें. पुढें पावसाळा येऊन धरण भरलें, कीं तें पुन्हां पाण्याखालीं जातें. अशा जलाशयाच्या कांठीं उभ्या राहिलेल्या कोणत्याहि मुलाच्या मनांत सहज प्रश्न येतो कीं, पाणी भरलेलें असतांना तळाशीं जातां येईल काय? गेल्यास तेथें श्वास कसा घ्यावा? आणि गेलेल्या मनुष्यानें सुखरूप परत कसें यावें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत सांपडतात. तिसऱ्याचें उत्तर मात्र पुस्तकांत पुरतें सांपडत नाहीं. त्याचा मोठा भाग बरोबरच्या सोबत्याच्या हातीं असतो. या लेखांत आम्ही गोड्या पाण्यांत बुडी मारण्याच्या विद्येचा थोडक्यांत परिचय करून देणार आहों. तो वाचून कोणीं पाण्यांत उडी घ्यावी अशी आमची इच्छा नाहीं. पाण्याकडे जाणत्या नजरेनें पाहावें, एवढीच आहे.

प्रथम एक सोपा प्रयोग करून पाहावा. कांचेचा पेला पालथा धरून पाण्यानें भरलेल्या बादलींत सरळ खालीं दाबावा. पाणी पेल्यांत अगदीं थोडें चढतें; आंतील हवा त्यास पुढें येऊं देत नाहीं. हाच पेला खोल तलावांत नेतां आला, तर जसजसें खालीं जावें तसतसा पाण्याचा दाब वाढून आंतील हवा आकसत जाईल. गोड्या पाण्यांत सुमारें १०.३ मीटर खोलीवर एकंदर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो व हवेचें आकारमान निम्में होतें, २०.६ मीटरांवर दाब तिप्पट व आकारमान एक तृतीयांश. दाब व आकारमान यांचा हा व्यस्त संबंध रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञानें १६६२ सालीं प्रसिद्ध केला. समुद्राचें पाणी क्षारांमुळें जड असतें, म्हणून तेथें हाच फरक सुमारें १० मीटरांवर पडतो.

आतां पेल्याच्या जागीं मनुष्याचीं फुप्फुसें आहेत अशी कल्पना करा. १० मीटर खोलीवर यंत्रांतून छातीभर हवा घेतलेला मनुष्य श्वास कोंडून वर येऊं लागला, तर वाटेंत तीच हवा प्रसरण पावूं लागेल व पृष्ठभागाजवळ दुप्पट जागा मागेल. फुप्फुसें तेवढीं ताणलीं जात नाहींत. त्यांस इजा होते, व ती प्राणघातकहि ठरते. म्हणून या विद्येचा पहिला धडा असा कीं, पाण्याखालीं श्वास कधींहि रोखून धरूं नये. दुसरा धडा, वर येण्याची घाई करूं नये. सोडावॉटरच्या बाटलीचें झांकण एकदम उघडल्यास बुडबुडे उसळतात, हें सर्वांनीं पाहिलें आहे. दाब वाढला म्हणजे द्रवांत अधिक वायु विरघळतो, हा विल्यम हेन्री याचा नियम. खोल पाण्यांत हवेंतील नायट्रोजन याच रीतीनें आपल्या रक्तांत व शरीरांत विरघळतो. वर येणें सावकाश झालें तर तो श्वासावाटे निघून जातो. एकदम झालें तर त्याचे बुडबुडे होतात. किती वेळ खालीं राहिल्यास कसें वर यावें, याचीं कोष्टकें जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. आज सामान्य पाणबुडे दर मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेगानें वर येत नाहींत, व ५ मीटर खोलीवर ३ मिनिटें थांबून मग पृष्ठभागावर येतात.

आतां यंत्राविषयीं. पाठीवर दाबलेल्या हवेचा सिलिंडर, त्याच्या तोंडाशीं रेग्युलेटर नांवाची झडप, व तेथून तोंडापर्यंत आलेली मुखनळी, असें हें साधन असतें. यास स्कूबा म्हणतात; पाण्याखालीं स्वतःबरोबर नेतां येणारें श्वसनसाधन, असा त्या शब्दाचा अर्थ. सिलिंडरांतील हवा अतिशय दाबाखालीं असते. ती आहे तशी छातींत घेतां येणार नाहीं, व फार कमी दाबानें आली तर पाण्याच्या भारापुढें छाती फुगणार नाहीं. त्या त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा मागणी होतांच देणें, हें रेग्युलेटरचें काम. फ्रेंच नौदलांतील अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो व एंजिनीयर एमिल गान्यां यांनीं १९४३ सालीं असा रेग्युलेटर तयार केला. त्याची पहिली परीक्षा समुद्रांत झाली नाहीं. ती पॅरिसजवळ मार्न नदीच्या गोड्या पाण्यांत झाली. कुस्तो उभे असतां हवा भरभरून वाहून फुकट जाई, व डोकें खालीं केलें असतां मिळेनाशी होई. श्वास बाहेर टाकण्याचें तोंड व हवा आंत येण्याची झडप यांच्यामध्यें वीतभरहि नसलेलें अंतर होतें; तेवढ्या अंतरांतील पाण्याच्या दाबाचा हा परिणाम! दोन्ही तोंडें एकाच ठिकाणीं आणतांच दोष नाहींसा झाला.

मग सोबती कशास हवा? आमच्या मतें याचें उत्तर गणितांतच आहे. १२ लिटरांच्या सिलिंडरांत हवा २०० पट दाबून भरली, तर ती उघड्यावरील हिशेबानें २४०० लिटर होते. शांतपणें पोहणारा मनुष्य मिनिटास सुमारें २० लिटर हवा घेतो, असें धरूं. १० मीटरांवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर लागतील. सर्व हवा संपेपर्यंत खालीं राहावयाचें म्हटलें, तर ६० मिनिटें मिळतील. परंतु शहाणा पाणबुड्या असें करीत नाहीं. दाबमापकाचा कांटा ५० वर येण्यापूर्वींच तो पृष्ठभागाकडे परततो; म्हणजे १८०० लिटर तो वापरतो व त्याची बुडी ४५ मिनिटांत आटोपते. उरलेली ६०० लिटर हवा कोणाची? समजा, १० मीटरांवर असतां सोबत्याची झडप बिघडली. आतां एका सिलिंडरावर दोघे. दोघांस मिळून मिनिटास ८० लिटर हवा लागेल. ६०० लिटर हवा साडेसात मिनिटें पुरेल. भीतीनें दोघांचा श्वास दुप्पट झाला, तरी पावणेचार मिनिटें पुरेल. आणि सरळ वर येण्यास सव्वा मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं. याच कारणास्तव प्रत्येक पाणबुड्याच्या सिलिंडरास दोन मुखनळ्या जोडलेल्या असतात. एक आपली, दुसरी सोबत्याची. जो मनुष्य हौसेपायीं तळाशीं रेंगाळून ती शेवटची हवा खर्च करतो, तो आपलीच नव्हे, दुसऱ्याचीहि ठेव उडवितो.

जलाशयांत सोबत्याची गरज समुद्राहून कमी असते, असें कित्येकांस वाटतें. कारण तेथें लाटा नाहींत व भरती-ओहोटीहि नाहीं. परंतु हें शांत पाणी फसवें असतें. वरचा थर उन्हानें तापलेला असला, तरी खालीं गेल्यावर एकाएकीं थंड थर लागतो व अंग शहारतें. तळाशीं गाळ असतो. पायाच्या एका फटकाऱ्यानें तो उठतो, व हातावरचें माणूस दिसेनासें होतें. बुडालेलीं झाडें, जुन्या भिंती व मासे धरण्याचीं तुटकीं जाळीं यांत साहित्य अडकतें. धरणाच्या दारांजवळ व नळांच्या तोंडाशीं पाण्याची ओढ इतकी प्रबळ असते कीं, तेथें कोणींहि जाऊं नये. गोडें पाणी हलकें असल्यामुळें तें मनुष्यास समुद्राइतकें उचलून धरीत नाहीं. साहित्यासह १०० किलोग्रॅम भरणाऱ्या मनुष्यानें समुद्रांतल्याहून सुमारें अडीच किलोग्रॅम शिसें कमरेस कमी बांधावें लागतें. शिवाय पुण्याभोवतालचे धरणांचे जलाशय समुद्रसपाटीपासून ५५० मीटरांहून अधिक उंचीवर आहेत. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून ३०० मीटरांच्या वर समुद्रासाठीं केलेलीं कोष्टकें जशींच्या तशीं लागू पडत नाहींत.

आणखी एक गोष्ट. पाण्याखालीं हांक मारून मदत मागतां येत नाहीं. मुखनळीमुळें तोंड बंद असतेंच. शिवाय पाण्यांत ध्वनि हवेंतल्याहून चौपटीपेक्षां अधिक वेगानें जात असल्यामुळें तो कोणत्या बाजूनें आला हें कानांस कळत नाहीं. वस्तु एक तृतीयांश मोठ्या व खऱ्याहून जवळ दिसतात. आणि ३० मीटरांच्या सुमारास नायट्रोजनमुळें कित्येकांची बुद्धि मंद होते. नवल असें कीं, त्या वेळीं त्यांस आपलें सर्व ठीक चाललें आहे असेंच वाटतें. ज्याची बुद्धि मंद झाली, त्यास तें स्वतः कसें कळावें? तें दुसऱ्यानेंच पाहावें लागतें.

याचें एक खरें उदाहरण आहे. फ्रान्सच्या दक्षिण भागांत व्होक्लूझ नांवाचा एक प्रचंड झरा आहे. त्याचें गोडें पाणी एका अंधाऱ्या खोल विवरांतून वर येतें. १९४६ च्या ऑगस्ट महिन्यांत कुस्तो व त्यांचे सोबती फ्रेदेरिक द्यूमा हे दोघे एकमेकांस दोरीनें बांधून त्या विवरांत उतरले. दोघेहि निष्णात, तरी खोल गेल्यावर दोघांचीहि बुद्धि बधिर झाली. हाती घेतलेलें काम आठवेना. द्यूमा यांची शुद्ध हरपूं लागली व मुखनळीहि तोंडांतून सुटली. कुस्तो यांच्या अंगीं जें थोडेंसें भान उरलें होतें, त्याच्या बळावर त्यांनीं सोबत्यास न सोडतां दोर धरून वर चढण्याचा प्रयत्न केला. वर बसलेल्या मोरिस फार्ग यांस दोराचे ते हिसके कळेनात. पाणबुडे आणखी खोल जात आहेत असें समजून ते दोर सोडीतच राहिले. शेवटीं त्यांस शंका आली व त्यांनीं दोर ओढून घेतला. दोघेहि वांचले. मागाहून सिलिंडरांतील हवा तपासली, तेव्हां तींत कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु सांपडला; हवा भरणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्याच धुराचा अंश तींत गेला होता.

या गोष्टींत आम्हांस तीन धडे दिसतात. सोबत्यानें सोबत्यास सोडलें नाहीं, हा पहिला. दोघेहि एकच हवा घेत असल्यामुळें दोघेहि एकदम संकटांत सांपडले, म्हणून कांठावर तिसरें सावध माणूस हवें, हा दुसरा. आणि खूण देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या मनांत तिचा अर्थ एकच असला पाहिजे, हा तिसरा. म्हणून पाण्यांत उतरण्यापूर्वीं दोघे सोबती कोरड्या जमिनीवर उभे राहून खुणा ठरवितात. अंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ म्हणजे ‘सर्व ठीक’. पंजा आडवा धरून हलविला म्हणजे ‘कांहीं तरी बिघडलें आहे’. गळ्यावरून हात फिरविला म्हणजे ‘हवा संपली’. अंगठा वर केला म्हणजे ‘शाबास’ नव्हे, तर ‘वर चला’. आणि ही खूण एकानें केली कीं, दुसऱ्यानें वाद न घालतां वर निघावयाचें.

खुणा ठरल्यावर तपासणी. येथें प्रत्येकजण आपल्या साहित्याबरोबर दुसऱ्याचेंहि साहित्य तपासतो: हवेचें जाकीट फुगतें काय, शिशाचीं वजनें वेळीं सोडतां येतात काय, पट्टे घट्ट आहेत काय, सिलिंडर पुरता उघडला आहे काय, दोन्ही मुखनळ्यांतून हवा नीट येते काय. पाण्याखालीं दोघांनीं इतकें जवळ राहावें कीं, दोनतीन फटकाऱ्यांत एकमेकांस गांठतां यावें. गढूळ पाण्यांत तर हात धरूनच राहावें. सोबती दिसेनासा झाला, तर एक मिनिट आजूबाजूस पाहावें, आणि न दिसल्यास सावकाश वर यावें. तोहि तेंच करील, हा भरंवसा असतो. कारण नियम दोघांनीं एकच शिकलेला असतो.

ही विद्या पुस्तकावरून किंवा एकमेकांचें पाहून शिकावयाची नाहीं. आपल्याकडे मालवण व तारकर्लीच्या किनाऱ्यावर जाणते शिक्षक ती शिकवितात. ज्यास शिकण्याची इच्छा असेल, त्यानें आईवडिलांची अनुमति घ्यावी, डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घ्यावी, आणि मगच शिक्षकाच्या देखरेखीखालीं आरंभ करावा. जलाशयांपैकीं कित्येक पिण्याच्या पाण्याचे आहेत. तेथें अधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून उतरतां येत नाहीं.

परंतु पाणबुड्या होणारे आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोडेच. सुटींत धरणावर जाणारे पुष्कळ. दर उन्हाळ्यांत अशा दुःखद वार्ता येतात कीं, एक मुलगा घसरला, त्यास वांचविण्यास दुसरा गेला, त्यामागें तिसरा गेला, व तिघेहि परत आले नाहींत. त्या मुलांच्या मनांत सोबत्याविषयीं प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? प्रेम होतें; तयारी नव्हती. बुडणारा मनुष्य हातीं लागेल त्यास मिठी मारतो. म्हणून उडी घेऊं नये. कांठावर पालथें पडून काठी पुढें करावी, दोर, धोतर किंवा साडी फेंकावी, झांकण लावलेला रिकामा डबा तरंगत सोडावा, मोठ्यानें हांका माराव्या, व ११२ या क्रमांकावर कळवावें. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मूल धरणावर जाण्यास निघालें असतां ‘पोहतां येतें काय’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘बरोबर कोण आहे, आणि त्यास काय ठाऊक आहे’ हेंहि विचारावें. पाण्याशीं गांठ पडण्यापूर्वीं ज्यानें आपल्या सोबत्याची काळजी वाहिली, तोच खरा सोबती होय.