‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणण्याआधी



“सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” गेल्या वर्षी हे वाक्य मी एका पालकांना लागोपाठ दोन दिवस ऐकवलं. ते कल्याणच्या बाजारात हमाली करतात. मुलीच्या ऑनलाइन फॉर्मचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार, म्हणून त्यांना डोंबिवलीला शाळेत यावं लागायचं. म्हणजे अर्धा रोज बुडाला. शेवटची तारीख तीन दिवसांवर आली होती.

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाच्या आई सहज भेटायला आल्या. त्या ठाण्यात जावा प्रोग्रामर आहेत. त्यांनी विचारलं, “बाई, सर्व्हर डाउन आहे हे तुम्हाला कळलं कसं?” मला उत्तर देता येईना. त्यांनी तेच पान स्वतःच्या मोबाइलवर उघडलं. लगेच उघडलं! मग शाळेच्या संगणकाच्या कोपऱ्यात बघून हसल्या. तिथे तारीख होती २००९ सालची.

मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला की संगणक बंद केल्यावर घड्याळ मागे जातं. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. आमच्या संगणकाच्या मते ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नव्हतं, म्हणून तो जोडणी नाकारत होता. दोष आमच्या टेबलावर आणि आम्ही नावं ठेवत होतो दूरच्या सर्व्हरला.

ताईंनी मग त्यांच्या कामातला एक किस्सा सांगितला. (तांत्रिक आहे, पण सोडू नका. आपल्या मुलांपैकी काही हेच काम करणार आहेत.) सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून जावा स्वतःच मॉड्यूलमध्ये विभागली गेली. मॉड्यूल म्हणजे भाग. प्रत्येक भागाने ‘मला कोण लागतं’ आणि ‘मी इतरांना काय वापरू देतो’ हे लिहून ठेवायचं. पुढे सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून जुन्या पद्धतीच्या वेब सेवांचं मॉड्यूल काढूनच टाकलं. जावा ८ वर वर्षानुवर्षं चाललेला त्यांचा प्रोग्राम नव्या जावावर नेला आणि पडद्यावर आलं, ‘सेवा उपलब्ध नाही’. सगळे समोरच्या कंपनीला फोन करत बसले. खरं तर विनंती घराबाहेरच पडली नव्हती! काहीही बिघडलं तरी तेवढाच एक निरोप दाखवायची सोय कोणीतरी करून ठेवली होती. लॉग वाचल्यावर कळलं की लागणारा भागच सापडत नाहीये. तो वेगळा आणून जोडला आणि काम सुरू झालं.

मी विचारलं, बिघाड इकडचा की तिकडचा, हे ओळखायचं कसं? त्या म्हणाल्या, समजा तुम्ही टिटवाळ्याला कोणाकडे निघालात. ‘अननोन होस्ट’ म्हणजे पत्ताच सापडला नाही. नाव चुकीचं टाइप केलंय किंवा आपलं इंटरनेटच बंद आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे घर सापडलं, पण त्या दारावर कोणी घेत नाही. ‘टाइमआउट’ म्हणजे बेल वाजवून थकलो, आतून उत्तर नाही. यात मात्र गफलत होऊ शकते. कदाचित आपली गाडी ठाकुर्लीलाच अडकली असेल आणि आपण टिटवाळ्याच्या माणसांवर चिडत असू.

आणि पडद्यावर आकडा आला, तर निदान कोणीतरी उत्तर दिलंय. ४ ने सुरू होणारा आकडा बहुधा आपल्या मागणीत काहीतरी चुकल्याचं सांगतो. ४०१ म्हणजे पुन्हा लॉगइन करा, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे असं पान नाही. ५ ने सुरू होणारा आकडा तिकडचा बिघाड. ५०३ म्हणजे सेवा सध्या देता येत नाही, बऱ्याचदा गर्दीमुळे. अशा वेळी दर सेकंदाला बटण दाबत बसलो तर आपणच गर्दी वाढवतो. रात्री उशिरा किंवा पहाटे करून बघावं. ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरला पुढच्याकडून वेळेत उत्तर मिळालं नाही. जतन करताना हा आला, तर माहिती कदाचित आत पोचलेलीही असते. पुन्हा भरण्याआधी यादी तपासा, नाहीतर एकाच मुलाची नोंद दोनदा होते.

आता मी आधी तेच पान दुसऱ्या मोबाइलवर आणि दुसऱ्या नेटवर उघडून बघते, मग घड्याळ बघते. तरी अडलं तर तक्रारीत वेळ, पान आणि अख्खा निरोप लिहिते. ‘चालत नाही’ एवढ्यावर समोरचा माणूस तरी काय करणार?

सेल त्याच दुपारी बदलला. तोवर तारीख हाताने नीट केली आणि त्या पालकांना फोन लावला. म्हटलं, येऊ नका, फक्त आलेला आकडा सांगा. त्यांनी बाजारातूनच ओटीपी वाचून दाखवला. मागे हातगाड्यांचा एवढा गोंगाट होता की सहा आकडे आम्ही दोघांनी तीनदा म्हणून खात्री केली.